पाच हजार माणसांचा मुलूख : न्यूझीलंडमधील मॅकेन्झी जिल्हा

जिल्हा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि लाखांच्या घरातली लोकसंख्या उभी राहते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मॅकेन्झी जिल्ह्यात यांपैकी काहीच नाही. क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरहून अधिक, लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास, आणि कारभार पाहायला थेट निवडून दिलेला एक महापौर, मूठभर नगरसेवक व फेअरली नावाच्या छोट्या गावातले एक कार्यालय. शाळा आणि पोलीस केंद्र सरकारकडे, नद्यांच्या पाण्याचे परवाने कँटरबरीच्या प्रादेशिक परिषदेकडे, राष्ट्रीय उद्यान केंद्राच्या संवर्धन खात्याकडे. जिल्हा परिषदेकडे उरतात ते गावांतले नळ, सांडपाणी, कचरा, स्थानिक रस्ते, बांधकाम परवाने आणि जमिनीच्या वापराचे नियम. यांतला शेवटचा अधिकार दिसायला किरकोळ असला, तरी या जिल्ह्यातली जवळजवळ सगळी मोठी भांडणे त्याच्याभोवतीच झाली आहेत.

भूगोलाचे दोन सरळ भाग पडतात. पूर्वेला फेअरलीच्या बाजूने हिरवी, ओलसर, कुंपणांनी आखलेली शेतजमीन आहे. बर्क्स पासची सुमारे ७०० मीटर उंचीची खिंड ओलांडली की दृश्य एकदम बदलते आणि पिवळट-तपकिरी गवताचे विस्तीर्ण पठारी खोरे समोर येते. पश्चिमेचे वारे आपले बहुतेक पाणी सदर्न आल्प्स पर्वतावरच टाकून येतात. पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या माउंट कुक गावात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या टेकापो गावात ६०० मिलिमीटरच्या आसपास. जिल्ह्याच्या वायव्य सीमेवर आओराकी माउंट कुक हे ३,७२४ मीटर उंचीचे देशातले सर्वोच्च शिखर आहे. १९९१ मध्ये त्याचा माथा कोसळला आणि त्याची उंची कमी झाली. ङाय ताहू या माओरी समाजासाठी आओराकी हा पूर्वज आहे, आणि १९९८ च्या समझोता कायद्यानंतर शिखराच्या अधिकृत नावात आओराकी आधी आले. हिमनद्यांनी दळलेली दगडाची पूड पाण्यात तरंगत राहते, म्हणून टेकापो आणि पुकाकी ही सरोवरे निळसर दुधाळ दिसतात. छायाचित्रात रंग गडद केला असावा असे वाटते. तसे काही केलेले नसते.

जिल्ह्याला मिळालेले नाव एका मेंढीचोराचे आहे, याचे मला अजूनही नवल वाटते. जेम्स मॅकेन्झी हा स्कॉटिश मेंढपाळ १८५५ मध्ये सुमारे हजार चोरलेल्या मेंढ्यांसह याच भागात पकडला गेला. पाच वर्षांची शिक्षा झाली, तो तुरुंगातून पळाला, पुन्हा सापडला आणि १८५६ मध्ये त्याला माफीही मिळाली. त्याच्यामागोमाग पशुपालक या खोऱ्यात शिरले. येथील मोठ्या मेंढीवाड्यांना ‘स्टेशन’ म्हणतात; त्यांची बरीचशी जमीन सरकारी मालकीची असून ती दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेली असते. बारीक लोकरीची मेरिनो मेंढी या कोरड्या थंडीत टिकते, म्हणून तीच इथे पाळली जाते. सशांनी मात्र हे गवत इतके ओरबाडले की १९९७ मध्ये शेतकऱ्यांनी सरकारचा नकार धुडकावून सशांना मारणारा विषाणू बेकायदा देशात आणला आणि या भागातही तो पसरवला. बाहेरून आणलेले असे जीव येथे पावलोपावली भेटतात. पर्वतात १९०४ साली शिकारीसाठी सोडलेले हिमालयीन ताहर आहेत, पर्यटक ज्यांच्यासाठी गाड्या थांबवतात ती जांभळी लुपिनची फुले आहेत, आणि वाऱ्याबरोबर बी पसरवत जाणारे रानटी पाइन वृक्ष आहेत. लुपिन नदीपात्रातल्या उघड्या रेतीवर वाढते आणि तिथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. त्यांपैकी ‘काकी’ नावाच्या काळ्या शेकाट्याचे १९८१ मध्ये केवळ २३ प्रौढ पक्षी उरले होते. ट्वायझेल गावाजवळच्या प्रजनन केंद्रामुळे ही जात वाचली.

मी राहतो ते ट्वायझेल हे जिल्ह्यातले सर्वांत मोठे गाव. १९६० च्या दशकाच्या अखेरीस वाइटाकी नदीच्या वरच्या खोऱ्यातील जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी ते उभारले गेले आणि काम संपल्यावर मोडून टाकायचे, असेच ठरलेले होते. रहिवाशांनी ते मानले नाही. १९८० च्या दशकात त्यांनी लढा दिला आणि गाव राहिले. प्रकल्पाचा आवाका समजून घेण्यासाठी एवढे पुरे आहे की टेकापो सरोवरातून निघालेले पाणी सुमारे २६ किलोमीटरच्या कालव्याने पुकाकीकडे जाते आणि समुद्राला मिळेपर्यंत एकूण आठ वीजगृहांतून फिरते. देशाच्या जलविद्युत साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग या दोन सरोवरांत आहे. त्यामुळे येथे हिमवृष्टी कमी झाली की थेट ऑकलंडमधल्या विजेच्या दरांची चर्चा सुरू होते. वीजगृहे चालवायला माणसे थोडीच लागतात, त्यामुळे एवढ्या विजेतून गावाला मिळणाऱ्या नोकऱ्या मोजक्याच आहेत. कालव्यांच्या थंड, वाहत्या पाण्यात सामन माशांची शेती होते, हा एक अनपेक्षित जोडधंदा.

पाण्यावरून खरा वाद पेटला तो २००९ च्या सुमारास. मॅकेन्झी खोऱ्यात, शेजारच्या वाइटाकी जिल्ह्यातला भाग धरून, सुमारे १८,००० गायी गोठ्यांत ठेवून दूध काढण्याचे प्रस्ताव आले आणि देशभर गदारोळ झाला. ते गोठे उभे राहिले नाहीत, पण फिरत्या तुषारसिंचन यंत्रांची हिरवी वर्तुळे तपकिरी गवताळ प्रदेशात उमटत राहिली. जिल्हा परिषदेने २००७ मध्येच जमीनवापराच्या नियमांत बदल प्रस्तावित केला होता; तो पर्यावरण न्यायालयात दशकभर लढवला गेला. पर्यावरणवादी म्हणत की नियम ढिले आहेत, शेतकरी म्हणत की आमच्याच जमिनीवर आम्हाला बांधून घातले. एवढ्या छोट्या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या भूदृश्याचा वकिली खर्च स्वतःच्या करदात्यांकडून भागवावा लागतो, हे मला व्यवस्थेतले उघड वैगुण्य वाटते.

एका बाबतीत मात्र याच परिषदेने दूरदृष्टी दाखवली. टेकापोजवळच्या माउंट जॉन डोंगरावरील वेधशाळा १९६५ पासून आहे, आणि तिच्यासाठी परिषदेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाहेरच्या दिव्यांवर निर्बंध घातले : दिवा झाकलेला हवा आणि प्रकाश खालीच पडायला हवा. त्याच नियमांच्या आधाराने २०१२ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि तारे पाहणे हा टेकापोचा मोठा व्यवसाय झाला. १९३५ साली बांधलेल्या सरोवरकाठच्या दगडी चर्चपाशी दिवसा बसगाड्यांची रीघ असते, रात्री त्याच पर्यटकांना आकाश दाखवले जाते. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, तेव्हा हा सारा व्यवहार एका आठवड्यात थांबला.

पर्यटन परतले असले, तरी त्याने घरांचा प्रश्न बिकट केला आहे. ट्वायझेलमधील कित्येक घरे शहरी लोकांची सुट्टीची घरे आहेत आणि वर्षातले बरेच दिवस बंद असतात. उलट हॉटेलांत काम करणाऱ्यांना भाड्याची खोली मिळत नाही. हे काम करणारे बहुतेक जण भारत, फिलिपिन्स किंवा चीनसारख्या देशांतून आलेले तरुण आहेत, आणि तात्पुरत्या व्हिसावर असल्याने त्यांना मत नाही. कायमस्वरूपी निवासाचा परवाना असला आणि कधीतरी सलग वर्षभर देशात राहून झाले असले की परदेशी नागरिकालाही येथे मतदान करता येते. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही दर तीन वर्षांनी माझ्याकडे टपालाने मतपत्रिका येते. गंमत अशी की बाहेरगावी राहणारा घरमालकही येथे कर भरत असल्याने करदाता मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. म्हणजे ख्राइस्टचर्चमध्ये बसून सुट्टीच्या घराचे मालक मॅकेन्झीचा महापौर निवडू शकतात, आणि त्यांच्या पाहुण्यांच्या चादरी बदलणारी मुलगी निवडू शकत नाही.