फोन माझा, मेल ऑफिसचा
"दादा, फोन रूट केलाय. त्यावर ऑफिसचा मेल टाकला तर काही होतं का?" ऐरोलीच्या ऑफिसात मी सपोर्टला बसतो, त्यामुळे नवीन लागलेली पोरं टपरीवर चहा घेताना हळूच विचारतात. हळूच विचारतात, म्हणजे उत्तराचा अंदाज त्यांनाही असतोच. रूट करणं म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवणं, जो एरवी वापरणाऱ्याला मिळत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोन वर्षं मीही असाच फोन वापरलाय. फोनच्या कंपनीने कोंबून दिलेली अ‍ॅप्स काढायची होती, बॅटरी दिवसभर पुरवायची होती. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्राम, अनलॉक केला (त्यात सगळा फोन पुसला गेला, बहिणीच्या हळदीचे फोटोसुद्धा), रूट मिळवून देणारं मॅजिस्क टाकलं आणि मजेत चाललं. व्हायरस नाही, काही नाही.

मग एकदा ठाण्याहून वाशी लोकलमध्ये चक्क बसायला मिळालं, म्हणून फाइल मॅनेजर उघडून चाळत बसलो. त्याला कधीतरी रूटची परवानगी दिलेली. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला आपला वेगळा युझर नंबर असतो आणि एकाला दुसऱ्याच्या फोल्डरात डोकावता येत नाही. रूटचा नंबर शून्य, त्याला कुठलंच दार बंद नाही. मेल अ‍ॅपच्या फोल्डरात शिरलो. कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्समध्ये, एक एक्सेल शीट पडली होती. उघडली, तर क्लायंटच्या माणसांचे पगार, नावांसकट. ना पासवर्ड मागितला, ना बोटाचा ठसा. ऐरोली कधी गेलं कळलंच नाही, रबाळ्याला उतरलो.

जे मी वाचलं, ते त्या फाइल मॅनेजरलाही वाचता येत होतं. आणि परवानगी काय त्याला एकट्यालाच दिली होती? कॉल रेकॉर्डर होता, जाहिराती अडवणारं होतं, फॉन्ट बदलणारंही होतं. मॅजिस्कची चौकट येते, नकाराच्या बटणावर दहापासून उलटे आकडे पळतात आणि आपण घाईघाईत होकार दाबून मोकळे होतो.

यावर पोरांचं म्हणणं ठरलेलं असतं, 'अ‍ॅप नको, ब्राउझरमध्ये मेल बघतो.' अरे, लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, म्हणजे कुकीज, ब्राउझरच्या फोल्डरातच असतात की! ऑफिसचं सगळं वेगळ्या कप्प्यात ठेवणाऱ्या वर्क प्रोफाइलचंही तेच. साध्या फोनवर ती भिंत असते, रूट केल्यावर पडदा उरतो. एखादा हुशार म्हणतो, 'रूट लपवता येतो, ऑफिसच्या तपासणीला कळतसुद्धा नाही.' याचाच मला राग येतो. फोन तुमचा आहे, वाट्टेल ते करा. पण तपासणीला खोटं सांगायला लावलेल्या फोनवर दुसऱ्यांचे पगार ठेवायचे नाहीत.

आता रूट न केलेला, पण चार वर्षांत एकही सिक्युरिटी अपडेट न मिळालेला फोन काही सोवळा नाही. आमची पॉलिसी त्याला चालवून घेते, ते मलाही पटत नाही. आणि कंपनीच्या सिस्टीमऐवजी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली दुसरी सिस्टीम टाकली म्हणजे रूट झालाच, असंही नाही. बूटलोडर मात्र बहुतेकदा अनलॉकच राहतो, म्हणजे फोन हातात पडलेला माणूस त्यात बदललेली सिस्टीम घालू शकतो.

मेल आधीच टाकला असेल, तर नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही. दुसऱ्या, धड फोनवरून किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरून पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा आणि आमच्या टेबलाशी येऊन सांगा. ओरडणार नाही. चहा मात्र तुमच्याकडून.