अप्रेझलच्या खटल्याचा खर्च कोणी भरला: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या ज्या खासगी कंपनीत मी पूर्वी नोकरीला होतो, ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. माझ्याकडे ऑप्शन (कर्मचाऱ्याला ठरलेल्या दरात शेअर घेण्याचा हक्क) वापरून घेतलेले शेअर होते. देऊ केलेला दर मला आणि काही जुन्या सहकाऱ्यांना फारच कमी वाटला. म्हणून आम्ही पैसे न स्वीकारता कोर्टाकडून शेअरचं वाजवी मूल्य ठरवून घ्यायचं, म्हणजे अप्रेझल मागायचं ठरवलं.

आधी प्रश्न आला कायदा कुठला. कंपनीचं ऑफिस कॅलिफोर्नियात होतं, पण नोंदणी डेलावेअर या दुसऱ्या अमेरिकी राज्यातली, त्यामुळे तिथल्या कंपनी कायद्याचं कलम 262 लागू झालं. खर्चाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कोर्टाने ठरवलेलं मूल्य कंपनीच्या दराच्या 125 टक्क्यांहून जास्त निघालं, तर वकिलांची आणि तज्ज्ञांची फीसुद्धा कंपनीवर टाकता येते. डेलावेअरमध्ये तशी सोय नाही. कोर्टाचा खर्च न्यायाधीश त्यांना योग्य वाटेल तसा वाटतात, पण वकिलाची फी ज्याची त्याने भरायची, जिंकलं तरीही. समोरचा पक्ष सरळसरळ दुष्ट हेतूने लढला तरच अपवाद होऊ शकतो. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 प्रमाणे खर्च सर्वसाधारणपणे हरणाऱ्यावर पडतो. त्यामुळे पुण्यातल्या माझ्या वडिलांना ही गोष्ट काही केल्या पटेना.

वकिलाने फीचा काही भाग निकालावर अवलंबून ठेवायला होकार दिला. मूल्यांकन तज्ज्ञ मात्र तासाप्रमाणे पैसे घेतो आणि त्याच्याशिवाय चालत नाही. कंपनीचे पुढच्या वर्षांचे अंदाज, डिस्काउंट रेट (पुढच्या कमाईचं आजचं मूल्य काढायचा दर), समोरच्या तज्ज्ञाच्या अहवालाला उत्तर, मग साक्ष. यातलं काहीही टाळता आलं नाही. वर वकिलाने स्पष्ट बजावलं होतं की मूल्य खालीही येऊ शकतं. अरुबा नेटवर्क्स या कंपनीच्या अशाच खटल्यात सौदा शेअरमागे 24.67 डॉलरचा होता. 2019 मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने मूल्य ठरवलं 19.10 डॉलर.

विलीनीकरण झाल्यापासून 120 दिवसांत याचिका दाखल करावी लागते. ती आम्ही मोजक्या लोकांनी केली, पण कंपनीकडे वेळेत अप्रेझलची मागणी नोंदवलेले बाकीचे भागधारकही तिच्यात आपोआप आले. त्यांतल्या काहींचे शेअर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होते, आणि वर्गणी द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. कलम 262 च्याच पोटकलम (जे) ची इथे मदत झाली: अर्ज केल्यास कोर्ट वाजवी वकील फी आणि तज्ज्ञांचा खर्च अप्रेझलला पात्र अशा सगळ्या शेअरांच्या मूल्यावर प्रमाणात टाकू शकतं. असा अर्ज आम्ही करणार आहोत, हे सगळ्यांना सुरुवातीलाच लेखी कळवलं होतं. आमच्यातल्या एकाचा त्याच्या शेअरसंख्येवरून कंपनीशी वेगळा वाद होता. त्या कामाची बिलं आणि सगळ्यांच्या उपयोगाच्या कामाची बिलं पहिल्यापासून वेगळी ठेवायला लावली. हे काम कंटाळवाणं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ठरलं.

निकालात मूल्य सौद्याच्या दरापेक्षा वर निघालं. त्यावर व्याज मिळालं, फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते, त्या डिस्काउंट रेटपेक्षा 5 टक्के जास्त, तिमाही चक्रवाढीने. 2016 पासून कंपनीला आधीच रक्कम देऊन हे व्याज थांबवता येतं. आमच्या बाबतीत तिने तसं केलं नव्हतं. तज्ज्ञाच्या फीचा बराच भाग व्याजातूनच निघाला.

खर्चाच्या अर्जाला मोठ्या भागधारकांनी विरोध केला. कोर्टाने सगळ्यांच्या उपयोगाच्या कामाचा खर्च प्रत्येक शेअरवर सारखा वाटला, आणि सहकाऱ्याच्या वेगळ्या वादाचा खर्च त्याच्याकडेच ठेवला. मला ही वाटणी पूर्णपणे न्याय्य वाटते. पण हा सगळा पैसा आम्हा भागधारकांच्याच रकमेतून गेला. कमी दर देणाऱ्या कंपनीला आमच्या वकिलाच्या बिलाची काहीच झळ बसली नाही. डेलावेअरने कॅलिफोर्नियासारखी 125 टक्क्यांची तरतूद आणायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ती नाही तोवर थोडे शेअर असलेल्यांनी एकत्र येऊन, खर्चाचा लेखी करार आधी करूनच या वाटेला जावं.