खोक्यातले बूट

फिजिओथेरपीच्या माझ्या खोलीत भिंतीवर कागद लावलाय : आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटनेचा हा आकडा मी दिवसातून दहादा तरी बोलून दाखवते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या काकूंना तीनदा सांगून झाला होता. वय ५२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३२च्या वर. आपल्याकडं २५ लाच लठ्ठपणा धरतात. वर दोन्ही गुडघे दुखरे. उत्तर ठरलेलं, "उद्यापासनं जातो मॅडम." (आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात.) त्यांच्या कार्डावर मी 'टाळाटाळ' असं लिहून मोकळी झाले होते.

मग त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि व्यायाम करून घ्यायला मी घरी जाऊ लागले. कपाटावर बुटांचं खोकं दिसलं. नवे कोरे, पावतीसकट.

"चला काकू, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." मुलगा घरात होता, संध्याकाळचे सहा वाजलेले.

बोळ जेमतेम दीड माणूस जाईल एवढा. भिंतीला लागून दुचाक्या, गटारीवरची एक फरशी डुगडुगणारी. काकू एकेका गाडीच्या सीटवर हात टेकत चालत होत्या. मागून हॉर्न आला की भिंतीला चिकटायचं. तालमीच्या कट्ट्यावरून आवाज आला, "काकू, पळायच्या शर्यतीत नाव दिलंय काय?" पोरं वाईट नव्हती. काकूही हसल्या. पण पदर पोटावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "दूध उतू जाईल, फिरूया माघारी."

गॅस बंद होता. निघताना मीच पाहिला होता.

घरी चहा पिताना म्हणाल्या, "रंकाळ्यावर कोण कुणाला वळखत नाही, ते बरं. पण चालायला जायला रिक्षा करू? आणि तवर आत्यांजवळ कोण?" आत्या म्हणजे सासूबाई.

मला तीन महिन्यांत एकदाही न सुचलेला प्रश्न तेव्हा सुचला. पायी कुठं जाता?

"मंगळवार-शुक्रवारी पहाटे अंबाबाईला. आत्या झोपल्याल्या असत्यात. देवळाला निघालेल्या बाईला कोण काय इचारत नाही."

जायला बारा मिनिटं, यायला बारा. रोज गेल्या तर सहाच दिवसांत १४४ होतात. सलग दहा मिनिटं हवीत ही जुनी अटही २०२० साली निघालीय, म्हणजे वाटेत गुडघ्याला विसावा दिला तरी हिशेब बुडत नाही. फक्त वेग हवा : बोलता यावं, पण आरती म्हणता येऊ नये.

"मग देवीला काय म्हणू?"

"ते देवळात म्हणा. आणि ते बूट खोक्यातनं काढा आता."

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की शिकलेली मी की त्या, कळेना. "देवळाबाहेर नवं बूट सोडून आत चित्त लागंल व्हय, मॅडम?"