कोंडलेल्या आवाजाची तबकडी

जुन्या रेकॉर्ड डिजिटल करून द्यायचं माझं काम पुण्यात पावसाळा सरला की एकदम वाढतं. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात आणि लोकांना माझी आठवण होते. येतात ती बहुतेक नाट्यगीतं, भावगीतं, कीर्तनं. त्यामुळे एका काकांनी कापडी पिशवीतून अमेरिकन गायिका लिंडा पेरहॅक्सची 'पॅरॅललोग्राम्स' बाहेर काढली तेव्हा मी हातातलं काम टाकून उठलेच. 1970 ची, कॅप रेकॉर्ड्स या कंपनीने काढलेली मूळ प्रत. हा अल्बम मला तोंडपाठ आहे, पण त्याची मूळ तबकडी मी आजवर पाहिली नव्हती.

काका तरुणपणी शिकायला लॉस एंजेलिसला होते. तिथल्या सेकंडहँड दुकानात कव्हर आवडलं म्हणून त्यांनी ती घेतली होती. बाईंबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. "गाते फार छान गं, पण आवाज कोंडलाय. माझ्या जुन्या प्लेअरनेच वाट लावली असणार. साफ होईल का?"

दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. ओरखडे जवळजवळ नव्हते, बुरशी कडेला थोडी. लेबलवर झाकण बसवलं, डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवला (आडवा फिरवला तर घाण खाचेतच रुतते), पुसून वाळत ठेवली. मग लावली. खरखर अगदी किरकोळ. पण काका म्हणत होते ते खरं होतं. गिटारच्या तारेला धार नव्हती, खालचा खर्ज गायब, आणि बाईंचा आवाज घोंगडीआडून यावा तसा.

रेकॉर्ड झिजली असेल तर ती वेगळी ऐकू येते. 'स', 'श' फाटतात आणि सुई आत आत सरकेल तसं ते वाढत जातं. इथे शेवटच्या गाण्यापर्यंत एकही 'स' फाटला नाही. खात्रीसाठी मी सुई बदलली. वेगळ्या आकाराची सुई खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, म्हणजे खालचा न झिजलेला भाग मिळतो. तरी आवाज तोच. म्हणजे काकांच्या प्लेअरचा काही दोष नव्हता. ती मुळातच तशी निघाली होती.

हे काकांना सांगितल्यावर ते गप्प झाले. इतकी वर्षं ते स्वतःला बोल लावत होते. मग म्हणाले, "कोण होती ही?"

मी सांगायला बसले. लिंडा बेव्हर्ली हिल्समधल्या एका दवाखान्यात दात साफ करायचं काम करायची आणि राहायची टोपँगा कॅन्यनमध्ये. संगीतकार लेनर्ड रोझनमन त्या दवाखान्यातले पेशंट. हॉलिवूडचा नट जेम्स डीनच्या चित्रपटांना संगीत दिलेला हा माणूस. ही मुलगी गाणी करते हे कळल्यावर त्यांनी तिच्याकडून घरी केलेली टेप मागून घेतली, ऐकली आणि थेट अल्बमच करायला घेतला. तालवाद्यांना शेली मॅन आणि मिल्ट हॉलंड यांच्यासारखे कसलेले लोक. एवढं सगळं मनापासून झालं आणि कंपनीने एएम रेडिओवर वाजावं म्हणून आवाजाची वरची आणि खालची बाजू छाटून तबकडी छापली. लिंडाने आपली प्रत ऐकली आणि सरळ कचऱ्यात टाकली. रेकॉर्ड खपली नाहीच. ती परत दवाखान्यातल्या कामाला लागली.

पण टेप तिने जपून ठेवली होती. 1998 मध्ये मायकेल पायपर नावाच्या चाहत्याने अल्बम पुन्हा बाजारात आणला, आणि लिंडाचा पत्ता लागल्यावर पुढची आवृत्ती तिच्याकडच्या टेपवरून निघाली. ही आवृत्ती माझ्याकडे होती.

आधी 'चिमॅकम रेन' लावलं. वॉशिंग्टन राज्यातल्या पावसाचं गाणं. तिने स्वतःचाच आवाज एकावर एक चढवलाय, आणि टेपवरून ते थर सुटे सुटे ऐकू येतात. काका खुर्चीत पुढे सरकले. "या किती जणी आहेत?" एकटीच आहे म्हटल्यावर त्यांनी गाणं मागे न्यायला लावलं.

मग शीर्षकगीत. हे तिला रात्री गाडी चालवताना सुचलं होतं, आकाशात हलणाऱ्या आकृत्यांच्या रूपात. गाडी कडेला घेऊन तिने ते कागदावर काढून ठेवलं. भूमितीतल्या आकारांची नावं गोल फिरत राहतात आणि मध्यावर गाणं अचानक विरघळतं. घंटांचे नाद, श्वास, दूरवरचे आवाज, आणि नंतर पुन्हा ती गोल फिरणारी नावं. काकांच्या तबकडीत हा भाग म्हणजे नुसता अस्पष्ट गोंगाट होता. ते म्हणाले, "इथे मी दर वेळी सुई उचलून पुढे ठेवायचो." आणि चष्मा काढून डोळे पुसले.

तबकडीचा आवाज असा करून देता येईल का, असं त्यांनी विचारलंच. मी नाही म्हणाले. वरची पट्टी वाढवता येते, पण खाचेत कोरलंच गेलं नसेल तर वाढते ती खरखर. असं ओढूनताणून उजळवलेलं काम मी कुणालाच देत नाही. त्यांच्या प्रतीचं फक्त टकटक काढून जसंच्या तसं रेकॉर्डिंग केलं.

निघताना त्यांनी विचारलं, पुढे काही केलं का हिने? 2014 मध्ये दुसरा अल्बम आला, पहिल्यानंतर तब्बल 44 वर्षांनी. "आहे तुझ्याकडे?" होता. ते परत बसले. त्या संध्याकाळचं एका गिऱ्हाइकाचं कीर्तन मी फोन करून दुसऱ्या दिवशीवर ढकललं.