डंडास जलसेतू: कमान टिकली, दगड झिजला

इंग्लंडात बाथजवळ केनेट-एव्हन कालवा एव्हन नदी ओलांडतो, तो डंडास जलसेतूवरून. अभियंता जॉन रेनी. काम १७९७ साली सुरू झालं, १८०५ साली सेतू खुला झाला. लांबी १३७ मीटर. मधली अर्धवर्तुळाकार कमान ६४ फुटांची, दोन्ही अंगांना २०-२० फुटांच्या लंबगोल कमानी.

नाव आली म्हणून सेतूवरचा भार वाढत नाही. तिच्या वजनाइतकं पाणी ती आधीच बाजूला सारते. मीटरभर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन, रात्रंदिवस तेवढंच. असा संथ भार कमानीला मानवतो. खरा त्रास गळतीचा.

त्या काळी सेतूवरच्या कालव्याच्या पात्राला आतून चिकणमातीचं अस्तर असे. माती पाणी घालून लोण्यासारखी तुडवायची आणि वीत-वीतभर थरांनी दोन-तीन फुटांपर्यंत चढवायची. खालचा थर ओला असतानाच वरचा पडला पाहिजे. दुरुस्तीसाठी पात्र रिकामं ठेवलं की हे अस्तर वाळून तडकतं. मग झिरपणारं पाणी सांध्यांतला चुना धुऊन नेतं. डंडास गळतीमुळेच १९५४ साली बंद झाला. काँक्रीट आणि पॉलिथिनचं अस्तर घातल्यावर १९८४ साली पुन्हा वाहता झाला.

दगडाबद्दल मात्र रेनीचंच बरोबर होतं. त्याला वीट हवी होती, कालवा बांधणाऱ्या कंपनीने बाथच्याच दगडाचा हट्ट धरला. हा चुनखडक खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, करवतीने कापता येतो. ओल सुकू न देता बसवला, तर पहिल्याच थंडीत आतलं पाणी गोठून पापुद्रे सुटतात.

दगडाचे नैसर्गिक थर कोणत्या दिशेने बसवायचे, यात तर पाथरवटाची खरी कसोटी. भिंतीत थर आडवे हवेत. उभे करून दर्शनी बाजूला समांतर ठेवले, तर दगड पानापानाने सोलवटतो. कमानीत ते दाबाच्या काटकोनात, म्हणजे केंद्राच्या रोखाने. पुढे आलेल्या छज्ज्यात थर उभेच, पण दर्शनी बाजूशी काटकोनात. तिथे आडवे ठेवले तर खालचा पापुद्रा आधाराविना गळून पडतो.

सांधे भरायला सिमेंट वापरू नये. ते या दगडाहून कठीण, त्यातून ओल बाहेर पडत नाही; ती दगडातूनच वाट काढते आणि सांध्याऐवजी दगडाची कड खाते. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ राहतो, स्वतः झिजतो आणि काही वर्षांनी खरवडून पुन्हा भरता येतो.