सायकल किती लिटरची असते?

जुनी गाडी बघायला जाताना लोक ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. मी टेप नेला. शिंप्याचा नव्हे, सुताराचा. ५ मीटरचा, सोडला की खटकन आत जाणारा. दुकानातला मुलगा मला गाडीतला स्क्रीन दाखवायच्या खटपटीत होता आणि मी मागच्या दारात ओणवा होऊन तोंडाची रुंदी मोजत होतो.

"सर, बॉनेट उघडू का?"

"उघडू की. आधी मागच्या सीटची पाठ पूर्ण आडवी पडते का, ते दाखवा."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "पेशंटला न्यायचंय का?"

"सायकल न्यायचीय," मी म्हणालो. पुढे त्याने मला चहा विचारला नाही.

त्याचंही काही चुकलं नाही. सायकल हे मुळात वाहन. वाहन न्यायला दुसरं वाहन विकत घ्यायचं म्हणजे घोड्याला पालखीत बसवून नेण्यासारखं आहे. माझ्या वडिलांनी सायकल अशी 'नेली' ती जन्मात एकदा, साताऱ्याहून पुण्याला बदली झाली तेव्हा, एसटीच्या टपावरून. हमाल मागच्या शिडीने सायकल खांद्यावर घेऊन वर चढला, काथ्याने कॅरिअरला बांधली, शेजारी कुणाची तरी कोंबड्यांची डालगी होती. पुण्यात उतरवली, आणि पुढची तीस वर्षं ती सायकलच वडिलांना नेत राहिली.

मग मला काय झालंय? मला चांदणी चौक झालाय. ताम्हिणी घाटाकडे सायकलने जायचं तर कोथरूडहून निघून आधी चांदणी चौक, मग भूगाव, मग पिरंगुटचे ट्रक. ताजी हवा लागेपर्यंत छातीत डिझेल भरलेलं असतं आणि पन्नाशीतली हौस पिरंगुटच्या चढावर अर्धी संपलेली असते. पौडपर्यंत गाडीने जावं, तिथे सायकल उतरवावी, मुळशीचं पाणी उजव्या हाताला ठेवत घाटाकडे निघावं, असं एकदा डोक्यात आलं की ते जात नाही. बजेट अडीच लाख. बायकोची अट एकच: "गाडी सायकलसाठी घे, पण मलाही तिच्यात बसता आलं पाहिजे."

शोध सुरू झाला आणि पहिली ठेच लागली ती लिटरची. गाड्यांच्या माहितीपत्रकात डिकी लिटरमध्ये देतात. नव्या वॅगनआरची ३४१ लिटर. ऐकायला भरघोस वाटतं. पण सायकल काही ओतून भरायची नसते. दूध असतं तर प्रश्न नव्हता. सायकल म्हणजे बहुतांशी हवाच, नळ्यांनी कुंपण घातलेली. लिटर म्हणाल तर बादलीभरही भरणार नाही, आणि तरी ती अडते. कधी हँडल अडतं, कधी पायडल, आणि दोन्ही बसली तर सीटच्या पट्ट्याचं बक्कल आऱ्यांत घुसून बसतं.

म्हणून मी घरी सायकलच मोजली. टोकापासून टोकापर्यंत साधारण १७० सेंटिमीटर, म्हणजे माझ्याएवढी. ७०० मापाच्या चाकाचा टायरसकट व्यास ६८ च्या आसपास. पुढचं चाक काढलं की लांबी १३५ वर येते. सगळी किमया त्या पुढच्या चाकात आहे. क्विक रिलीजची दांडी ओढायची, नट दोन फेरे सैल करायचा, की चाक हातात. ही युक्ती १९३० च्या सुमारास इटलीत तुल्लियो काम्पान्योलो या शर्यतपटूने काढली. बर्फात गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट सुटेनात म्हणून त्याला ती सुचली असं सांगतात. आख्यायिका असेल तर असो, माझ्या अडीच लाखांतले निदान पन्नास हजार त्या माणसाने वाचवले.

आता गाड्या. नॅनोवर माझा जीव होता. २००९ साली एक लाखाची गाडी म्हणून आली तेव्हा आमच्या गल्लीत ती बघायला गर्दी जमली होती. स्वस्तात स्वस्त जुनी गाडी म्हणून मी मोठ्या उमेदीने एका नॅनोच्या मागे गेलो आणि हँडल शोधत राहिलो. सुरुवातीच्या नॅनोंना मागे उघडणारं दारच नाही! इंजिन मागे, आणि सामानाच्या जागेत पोचायचं ते आतून, मागची सीट पाडून. २०१५ च्या मॉडेलला दार दिलं, पण तोवर माझ्या मनातली नॅनो मावळली होती.

मग ओम्नी. सायकलवाल्याच्या दृष्टीने ओम्नी म्हणजे माहेर. सरकतं दार, सपाट पत्रा, मागच्या सीटा काढल्या की चाक न काढताही सायकल उभीच्या उभी लोटावी अशी ऐसपैस. १९८४ पासून २०१९ पर्यंत या गाडीने गॅसच्या टाक्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत काय काय वाहिलं, त्याची यादीच नको. बायको म्हणाली, "हिंदी सिनेमात पळवून नेतात ती गाडी ना?" मी म्हटलं, तीच. पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कळतं. शिवाय ओम्नीत चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्रा, आणि पत्र्यापुढे थेट जग. तेही एक होतंच.

छोट्या सेडान मी बघितल्यासुद्धा नाहीत. २००६ पासून ४ मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत मिळते, म्हणून सेडानची शेपटं छाटली गेली. २०१२ ची डिझायर हा त्याचा ठळक नमुना. डिकी खोल, पण तोंड पोस्टाच्या पेटीसारखं. आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत मागची पाठ पडतच नाही. सीएनजीच्या गाड्यांचाही तोच हिशोब: किलोमीटरला पैसे वाचतात, पण सायकलच्या जागेवर टाकी आधीच येऊन झोपलेली असते.

"बाहेर का नाही लावत?" असं मला निदान पाच जणांनी विचारलं. टपावरच्या स्टँडवर सायकल उभी केली की गाडीची उंची पावणेतीन मीटरच्या घरात जाते. आमच्या पार्किंगचं छत त्याआधीच संपतं, आणि सकाळची चाळीस किलोमीटर करून आलेला माणूस ते नक्की विसरतो. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा स्टँड असतो, पण तो लावला की नंबरप्लेट झाकते, दिवे झाकतात, आणि वारज्याच्या पुलाखाली उभ्या हवालदाराला सायकलिंगची गोडी असेलच असं नाही. आणि खरं कारण सांगू? मला ती आत हवी. मागे लोंबकळणारी सायकल आरशात दिसत राहिली की माझं अर्धं लक्ष तिच्यातच राहील.

अखेर गाडी मिळाली ती दुकानात नाही, सदाशिव पेठेत. एक आजोबा आपली जुनी वॅगनआर विकत होते. डोळ्यांमुळे चालवणं बंद. ही गाडी १९९९ च्या शेवटी भारतात आली तेव्हा सगळे हसले होते. म्हणे हा तर चाकं लावलेला डबा! पण डब्याचा गुण असा की त्याच्या भिंती सरळ असतात. मी या वेळी टेप नेलाच नाही, सायकलवरूनच गेलो आणि विचारलं, "आत घालून बघू का?" मनात म्हटलं, आता हाकलणार.

"घाला की!" आजोबा खुर्चीतून उठलेच. "आम्ही खडकीला जायचो सायकलवर. अॅम्युनिशन फॅक्टरी. भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचं." मी चाक काढलं तर ते बघतच राहिले. "पान्हा नाही लागत?" मग पायडलपाशी माझं अडलं. डावं पायडल सुटेना. आजोबांनी माझ्या हातातला १५ चा पान्हा काढून घेतला. "उलटे आटे असतात हो डावीकडे. इतकी महागाची सायकल, आणि एवढं ठाऊक नाही?" एका हिसक्यात सुटलं.

हेडरेस्ट उपसली, पाठ पाडली, सतरंजी अंथरली (सतरंजी आजींची, "जुनीच आहे, राहू दे तुम्हालाच"), आणि गिअरची बाजू वर ठेवून सायकल तिरकी सरकवली. हँडल डाव्या खिडकीशी टेकलं. मागचं दार खाली घेतलं. तीन बोटं उरेपर्यंत आलं आणि थांबलं. आजोबांनी पुढची डावी सीट एक खाच पुढे सरकवली. टक.

त्या 'टक'नंतर मी घासाघीस करायला हवी होती, असं बायकोचं मत आहे. आजोबांनी सांगितलेली किंमत मी तशीच कबूल केली. बायको आता पुढच्या सीटवर बसते, गुडघे जरासे वर घेऊन, एक खाच पुढे. "मलाही बसता आलं पाहिजे" यात 'आरामात' हा शब्द नव्हता, हे मी तिला एकदा सांगून बघितलं. पुन्हा सांगणार नाही.

गेल्या रविवारी पहाटे साडेचारला निघालो, पहिल्यांदाच एकटा. चांदणी चौक रिकामा. भूगाव झोपेत. पिरंगुटच्या चढावर एका ट्रकला मी चक्क आदराने वाट दिली. पौडच्या पुढे टपरीवर गाडी लावली, चहा सांगितला, मागचं दार वर केलं. सायकल अलगद बाहेर काढली आणि पुढच्या चिमट्यावर टेकवून उभी केली. सतरंजी झटकली. सीटखाली बघितलं. पुन्हा सतरंजी झटकली.

तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन. "साहेब, खाली खांबाला टेकून एक चाक आहे. तुमचं का?"

चहावाला एकदा सायकलकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "अजून एक टाकू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, टाका.