आवर्तन बंद झाल्यावर कालव्याकाठी

बारामतीच्या पश्चिमेला नीरा डावा कालवा उसाच्या मळ्यांमधून वळणे घेत जातो आणि त्याच्या भरावावरचा कच्चा रस्ता सकाळी बहुधा मोकळाच असतो. वीरजवळ नीरेचे पाणी घेऊन इंदापूर तालुक्यापर्यंत नेणारा हा कालवा इंग्रजी अमदानीत, 1885 च्या सुमारास वाहता झाला. इथे पक्षी पाहायचे असतील, तर माझ्या मते पंचांगापेक्षा आवर्तनाच्या, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याच्या, तारखा पाहाव्यात. कालवा भरून वाहत असतो, तेव्हा पाणी खोल आणि ओढ फार असते. पाण्याकडेला क्वचितच एखादा पक्षी उतरतो. दारे बंद झाली, की पाणी ओसरू लागते, तळातल्या खळग्यांत मासे आणि बेडूक अडकतात आणि ढोकरी, लहान बगळे, शेकाटे यांची एकच झुंबड उडते. हिवाळ्यात त्यांच्यात तुतवारही असतो. हिमालयातून किंवा त्याहूनही उत्तरेकडून आलेला हा लहानसा पक्षी चिखलाच्या कडेने शेपटी सतत वरखाली करत चालतो आणि कुणाची चाहूल लागताच पाण्यालगत उडत पलीकडचा काठ गाठतो.

मला मात्र सर्वांत जास्त वेळ थांबवतो तो कवड्या खंड्या. त्याचा काळा-पांढरा रंग दुरूनही ओळखू येतो. पाण्यावर काही मीटर उंचीवर तो पंख वेगाने फडफडवत एकाच जागी तरंगतो. शरीर जवळजवळ उभे, चोच थेट खाली आणि डोके मात्र अजिबात हलत नाही. मासा नेमका दिसला, की तो पंख मिटून सूर मारतो. नाही दिसला, तर थोडे पुढे सरकून पुन्हा तसाच थांबतो. निळ्या पाठीचा, पांढऱ्या गळ्याचा नेहमीचा खंड्या तितका पाण्यावर अवलंबून नसतो. नाकतोडे, सरडे, खेकडे असे काहीही त्याला चालते, म्हणून कालवा कोरडा पडला, तरी तो तारेवर बसलेला दिसतो.

घरटे मात्र दोघांचेही मातीतच असते. कालव्याच्या उभ्या दरडीत चोचीने माती उकरून ते लांब बोगदा करतात आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतात. गळती रोखण्यासाठी कालव्याला आतून काँक्रीटचा थर दिला, म्हणजेच अस्तरीकरण केले, की ही दरडच नाहीशी होते. पाझर थांबला, तर विहिरी आटतील, ही काठावरच्या शेतकऱ्यांची काळजी रास्तच आहे. अस्तरीकरणाच्या चर्चेत पक्ष्यांचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. गळती रोखणे आवश्यकच असेल, तिथेही पाण्याच्या पातळीच्या वर, जिथे भरावाला धोका नाही अशा ठिकाणी, मातीची उभी कड तशीच राखता येईल. अस्तरीकरणाचा आराखडा कागदावर असतानाच, विणीच्या हंगामात काठाने फिरून वापरात असलेल्या बिळांची नोंद केली, तर अशा जागा कोणत्या, हे ठरवणे अवघड नाही.